पेवडी

हरिपूरच्या जुन्या पेवाचं तोंड दिवसभर उघडं ठेवलं,
मग कंदील सोडला आत.
विझला नाही,
म्हणून इरफान मुजावर उतरला, कमरेला दोर.
वर आला तेव्हा बनियनमध्ये दोन पिल्लं
आणि छातीवर इतके ओरखडे
की त्याची आई म्हणाली, कुणाशी भांडून आलास?

एक मिरजेला गेलं, शिवणकाम करणाऱ्या रेश्मा बागवानकडं.
दुसरी माझ्याकडं, विश्रामबाग, तिसरा मजला,
बुटाच्या खोक्यात.
रंग कळेना. सगळीच पिवळी, मिशासुद्धा.
पेवातली म्हणून पेवडी.
चुन्यात कालवतात ती पेवडीही अशीच असते.

खोकं उघडलं
आणि ती गॅसच्या टाकीमागं गेली ती गेलीच.
दोन दिवस अंधारात नुसते दोन ठिपके.
बशीतलं दूध नासलं.
इरफान फोनवर: दूध नको मावशी,
कोंबडी उकडून द्या, बिनमिठाची.
माझ्या घरात कोंबडी!
खालच्या कुंभोजकरांचं पातेलं मागून आणलं,
गॅलरीत वातीच्या स्टोव्हवर शिजवली,
देवांपुढचा पडदा ओढून.
सकाळी बशी लख्ख.

बघू नका तिच्याकडं, नुसतं जवळ बसा,
काहीबाही बोलत राहा, म्हणाला.
बोलायचं काय?
मोठ्यानं बोलायची वेळ या घरात
किती वर्षांत आली नव्हती.
म्हणून वाचलं.
लाइटबिल वाचलं, मागच्या सूचनांसकट.
पेपरातले मार्केट यार्डाचे भाव वाचले:
गूळ, बेदाणा, राजापुरी हळद.
हळदीला कान हलला.
किंवा मला तसं वाटलं.
दुसऱ्या दिवशी हळद दोनदा वाचली,
सावकाश.

आठव्या रात्री ती बाहेर येऊन गेली असणार.
सकाळी खुर्चीवरच्या पांढऱ्या पातळावर
चार पावलं, पिवळीजर्द.
साबण लावला
आणि ती लाल झाली.
होतंच तसं, साबणात अल्कली असते,
सातवीच्या वर्गात मीच शिकवायचे हे,
खडूच्या हातानं, दरवर्षी.
तरी नळ बंद करून बघत राहिले.
चैत्रातली बोलावणी दुसऱ्या मजल्यापर्यंत येतात,
पुढचा जिना चढत नाहीत.
पातळ पुन्हा घासलं नाही.
तसंच वाळत घातलं,
रस्त्याच्या बाजूला.

मग गॅस संपला.
टाकी बदलायची तर तिचं घर हलणार.
नंबरच लावला नाही मी.
तीन दिवस भडंग खाल्लं, ताक प्यायले,
चहाला कुंभोजकरांकडं.
चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या,
अहो बाई, मांजर तुम्ही पाळलंय
का तिनं तुम्हाला?

टाकीवाला आला, महादू.
टाकी तिरकी केली, काठावर गरगर फिरवत नेली,
फरशीवर तो आवाज!
ती सुटली.
पलंगाखाली नाही, कपाटामागं नाही,
सरळ माझ्या निऱ्यांत.
महादू दारातून म्हणाला, सही करा.
म्हटलं, इथं आणून दे बाबा,
मला हलता येत नाही.

मिरजेची बातमी अशी की हिचा भाऊ
शिलाई मशीनच्या पायट्याशी झोपतो,
मशीन थांबलं की उठून बघतो, काय झालं म्हणून.
फोटो आला. तो पांढरा निघाला.
ही चाटून चाटून करडी होत चाललीय,
शेपटीचं टोक तेवढं अजून यार्डातलं.

दाराची बेल वाजली की आजही
नव्या टाकीमागं धावते.
फक्त आता अर्ध्या वाटेत थांबते,
मागं वळून बघते,
मी येतेय ना.