एकूण अंतर

लिंकनमध्ये चढण फुकट मिळते.
कॅथीड्रलपर्यंत उभी, दगडी, पावसात निसरडी,
नावही तसंच रोखठोक : स्टीप हिल.
पण फिजिओ म्हणाली, चढा खुशाल, उतरू नका,
उजवा गुडघा आता उतार सोसणार नाही.
म्हणजे वरच बिऱ्हाड करायला हवं होतं.
त्याऐवजी साठ पौंडांत
डोरीन अथर्सचकडून तिच्या नवऱ्याचं इलिप्टिकल घेतलं.

केन मार्चमध्ये गेला, ती म्हणाली,
आणि आइस्क्रीमचा डबा हातात ठेवला :
नट, बोल्ट, बाकदार वॉशर, एक ॲलन की,
आणि पुस्तिकेच्या जागी त्याच्या हातचा कागद, पेन्सिलीचा.

लहान गाडीच्या दोन खेपा झाल्या.
दांडे नि स्क्रीन शेजारच्या सीटवर आडवे;
सीटला वाटलं माणूस बसलंय,
बेल्ट, बेल्ट, म्हणून पिपाणी वाजवत राहिली.
लावला बेल्ट.

मागच्या खोलीत जुन्या चादरीवर सगळं मांडलं.
कागद सांगत होता : आधी सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी,
पाना शेवटी. घाई केलीस तर एक भोक जुळणार नाही.
मी घाई केली. एक भोक जुळलं नाही.
पुन्हा सगळं सैल.
डावं पेडल तर पाऊण तास धरेचना,
फिरवतेय, घसरतंय, मी घामाघूम,
आणि कागदाच्या तळाशी, दोनदा अधोरेखित :
‘डावीकडे आटे उलटे. लक्षात ठेव, गाढवा.’
हे त्याने स्वतःलाच लिहिलं होतं.
आटापिटा या शब्दात आटे का असतात
ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

उभं राहिलं तेव्हा स्क्रीन उजळली :
एकूण अंतर ६३१८ मैल.
मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले,
त्यामुळे नकाशा काढलाच.
इथून माझं कराड चार हजार सहाशेच्या आसपास.
म्हणजे केन कराडला पोचून, कृष्णेत पाय बुडवून
परत निघाला होता,
आणि इराणात कुठेतरी त्याचा मार्च आला.

मग मी त्याला पुढे आणत राहिले.
रोज दोन मैल, बातम्या संपेपर्यंत.
दर पहिल्या रविवारी रूळ पुसायचे, सिलिकॉनचे चार थेंब,
एकेका बोल्टला पान्याने विचारून घ्यायचं, सैल नाहीस ना.
घाम तिथल्या तिथे टिपायचा, नाहीतर सांध्याशी गंज धरतो,
हेही कागदावर.
नोव्हेंबरात आकडे फिकट झाले.
सेल संपत आले होते, आणि सेल काढले
की या यंत्राला काही म्हणता काही आठवत नाही.
तीन आठवडे मी अंधुक आकड्यांवर चालले.

शेवटी डोरीनला फोन केला.
परवानगी कशाची मागत होते कोण जाणे.
‘केनचे मैल?’ ती हसली, खोकली, पुन्हा हसली.
‘अगं, त्याने जोडलं, तेल घातलं, लाडानं पुसलं.
चढला असेल दहा वेळा. वर मोजे वाळत घालायचा.
ते मैल माझे. शेवटची चार वर्षं, रात्री,
तो पलीकडच्या खोलीत.
फार जोरात नाही हं,
हाक ऐकू यावी इतपत.’

वही काढली. मागील पानावरून पुढे, केन : ६३१८.
रक्कम बरोबर, खातं चुकलेलं.
केन खोडलं, डोरीन लिहिलं,
खाली वेगळ्या शाईत माझे ३३५.
केनच्या नावावर काय टाकावं सुचेना,
तेव्हा त्याचा कागदच तिथे डकवला.

नवे सेल. शून्य.
निघाले, तर डावं पेडल कुरकुरायला लागलं.
पाना घेतला, वाकले, गुडघा काहीतरी बोलला,
आणि पहिल्याच झटक्यात बरोबर फिरवला,
म्हणजे उलटा.