सव्वा मिली

बाटली नऊ दिवस मसाल्यांच्या कपाटात होती,
हळदीच्या मागे, तोंड भिंतीकडे करून.
मी तिला औषध म्हणत नव्हतो.
अफू म्हणत होतो, मनातल्या मनात,
आणि अफू म्हटलं की दाजीकाका दिसायचे,
नाकावरची माशीसुद्धा न हाकलणारे.

डंडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही.
त्रेपन्न पायऱ्या. कुमुद त्या मोजत यायची,
दोन्ही हातांत किराणा, मध्ये कुठे न टेकता.
आता पलंगापासून खिडकीपर्यंत
सात पावलं, आणि वाटेत एक खुर्ची.
वाक्यं तिसऱ्या शब्दावर तुटतात.
"खिडकी जरा उघड—"
"पाणी नको आत्ता—"
रात्री तर नुसते खांदेच बोलतात,
वर, खाली, वर,
आतून कुणी फुगलेलं दार ढकलावं तसे.

मोराग येते मंगळवारी. ओला कोट न्हाणीघरात टांगते,
हातातला छोटा पंखा कुमुदच्या गालाशी धरते.
मग माझ्याकडे वळून:
भीती तुम्हाला वाटते, धाप तिला लागते.
जरा थांबून, हळू आवाजात:
फुप्फुसात आहे ते राहीलच.
हे श्वास देत नाही, घेतही नाही,
श्वासाची भूक तेवढी कमी करतं.

जांभळी सिरिंज. मी चष्मा पुसतो.
मात्रा सव्वा मिली.
सव्वा!
देवापुढे, पहिल्या पगाराला, घराची किल्ली मिळाली तेव्हा
सव्वाच ठेवत आलो की आपण,
पुऱ्याच्या वर थोडं,
म्हणजे पुढे चालू राहतं.
बुडबुडा येतो. ओततो, परत भरतो.
ती तोंड उघडते,
कडू असणार हे ठाऊक असलेल्या मुलीसारखी.

टे नदीच्या पुलावरून एक गाडी गेली,
मग बऱ्याच वेळाने दुसरी.
खांदे उतरले. आधी डावा.
आणि डोळे न उघडता कुमुद म्हणाली,
"खालच्या मिसेस पेट्रीचं निळं पातेलं
किती दिवस ठेवून घेणार आहेस, नेऊन दे ना."

मी बोटांवर मोजले.
तेरा शब्द, एका दमात,
वर थोडा रागही.

वहीत लिहितो: रात्री दहा वाजून दहा, सव्वा.
त्याच्या वर नऊ ओळी कोऱ्या सोडतो
आणि पातेलं घासायला घेतो.