सहावं घर

लँडर, वायोमिंग. नोव्हेंबर सुरू झालेला.
ऑडेल रास्मुसेनबाईंच्या स्वयंपाकघरात
मेणकापडावर भावाचं जुनं रिव्हॉल्व्हर,
शेजारी कॉफीचा कप, बटणांचा डबा,
आणि समोर मी, भूजल खात्याची नवी सर्वेक्षक,
जिला सोमवारपासून अस्वलांच्या रानात
विहिरींची पातळी मोजत हिंडायचंय.

"याची सुरक्षिततेची कळ कुठे असते?" मी विचारलं.
बाई हसल्या नाहीत.
"इथे," म्हणाल्या, आणि माझ्या तर्जनीवर
लाकडी चमचा टक्कन मारला.
"हिला सरळ ठेव, चापाबाहेर. दुसरी कळ नाही."

मग मी सिनेमात पाहिलेलं सांगत गेले
आणि त्या गहू निवडावेत तशा
एकेक खडा बाजूला टाकत गेल्या.
बोटावर गरगरा फिरवायचं?
जोकर फिरवतात.
नुसतंच कमरेला खोचायचं?
त्यापेक्षा घरी ठेव.
घोडा अर्धा ओढून ठेवला की तिथेच अडकतो ना?
"त्या अर्ध्या खाचेवर विसंबलेला एक जण
तीन गल्ल्या पलीकडे राहतो.
लंगडतो. भेटशील रविवारी."

रिकामं रिव्हॉल्व्हर उजेडाकडे धरलं त्यांनी:
हा घोडा, ही त्याच्या तोंडाची सुई,
आणि भरलं की सुईच्या बरोबर खाली
पितळेच्या बुडातली टिकली.
(मला दिवाळीतल्या टिकल्या आठवल्या,
ओट्यावर दगडाने फोडलेल्या.
तेव्हा तरी कुठे चाप लागायचा?)

"वेन एकोणीसचा होता," त्या म्हणाल्या.
"खोगिराचा पट्टा आवळायला
रिकीब वर अडकवून ठेवलेली.
ती निसटली. आली ती थेट कमरेवर.
सहाच्या सहा भरलेली होती."
घोड्यापाशी उभा राहून, घोड्यावर घाव.
आमच्या भाषेत दोघांना एकच शब्द आहे,
हे मी सांगणार होते. जीभ चावली.

मग आम्ही पोकळ काडतुसांनी घोकलं,
पोरींनी सागरगोटे खेळावेत तसं:
एक भर, एक सोड,
चार भर, पूर्ण ओढ,
अंगठ्याने धरून अलगद टेक.
घोडा रिकाम्या घरावर आला पाहिजे.
पुढचं घर रिकामं ठेवून काय उपयोग?
तिथे तर घोडा अजून पोचलेलाच नाही.

सहाव्या घरात म्हणे जुने लोक
नोटेची सुरळी ठेवायचे, स्वतःच्या मातीसाठी.
"थापा," ऑडेलबाई म्हणाल्या.
"वेनच्या मातीचे पैसे मी भरलेत. चेकने."

आणि मी बॅगेतून माझं काढलं, कोरं, खात्याचं.
त्यांनी चष्मा वर केला, उलटसुलट पाहिलं.
"यात मध्ये पट्टी आहे. चाप ओढल्याशिवाय
ती वर चढत नाही, आणि पट्टीवाचून
घोड्याचा घाव सुईला पोचत नाही. यात सहा भर.
लोक नेमकं उलटं करतात बघ.
नव्याला भितात, आजोबांच्यात सहा कोंबतात."

रात्री आईचा फोन, अकोल्याहून.
"भरलेलं घेऊन फिरतेस?"
मी पट्टीचं सांगितलं, सुईचं सांगितलं.
ती म्हणाली, पत्रिकेत सहावं घर शत्रूचं असतं,
ते रिकामं असलेलंच बरं.
दोघींचं म्हणणं इतकं जवळ आलं
की मी वाद घातला नाही.

मंगळवारी, विहीर क्रमांक चौदापाशी,
बर्फावर पाय सटकला आणि उजव्या कुशीवर आदळले,
चामड्याच्या खोळीसकट, सगळ्या वजनाने.
काहीच झालं नाही.
वर नुसतं आभाळ, आणि एक डोमकावळा
माझ्याबद्दल मत बनवत बसलेला.
पडल्या पडल्या मी आधी तर्जनी पाहिली.
सरळ होती.
मग कंबर चाचपली, मग पेन शोधलं.
पाण्याची पातळी एकशे अठरा फूट.
अक्षर जरा वाकडं आलं आहे.