गाळलेली जागा

टॉडमॉर्डनला दर गुरुवारी दुपारी
मी सग्डन आजोबांच्या कानातली यंत्रं तपासते,
मेण काढते, बॅटरी बदलते,
आणि मग आम्ही चेटकिणी लावतो.

चेटकिणी तीन, नाटक एकच.
एका मुलीनं थंडीच्या कोटासाठी
स्वतःचं नाव विकलं, त्याची गोष्ट.
दुसऱ्या अंकाच्या शेवटी चेटकीण
सात कुलपं काढते
आणि गाते: दार उघडं आहे, जा.

पहिली लंडनची, एकाहत्तर सालची, तबकडीवर.
सिगारेटींनी खरवडलेला गळा, सव्वीस वादक,
आणि राजाचं दुसरं कडवं कापलेलं,
कारण तबकडीच्या एका बाजूत
तेवीस मिनिटंच मावतात.
"राजाचं कुणाला पडलंय," आजोबा म्हणतात.

दुसरी न्यूयॉर्कची.
पट्टी दोन स्वर वर, व्हायोलिनांना पूर आलेला,
शेवटचा सूर इतका लांबवलेला
की तेवढ्यात माझा चहा गाळून होतो.
"हिला मुलगी जायला नकोय," मी म्हणते.
"हिला टाळ्या हव्यात," ते.

मिरजेला बाबांचं हेच चालायचं.
एक पद, तीन गळे,
आणि डोळे मिटून प्रश्न: जागा कुणी घेतली?
मी तोंडाला येईल ते नाव ठोकून द्यायचे.
खाली लगोरी थांबलेली असायची.

तिसरी कॅसेट.
शहाऐंशी साल, चर्चमागचा हॉल, हौशी मंडळी.
खुर्च्या करकरतात, कुणाचं तरी पोर शिंकतं,
पियानोची खालची एक पट्टी मुकी.
चेटकीण म्हणजे डोरीन ॲक्रॉइड,
दिवसा मोज्यांच्या गिरणीत हिशेब लिहिणारी.
"दार उघडं आहे," ती गाते,
आणि गप्प होते.
त्या गप्पपणात एक पुरुषी कुजबुज: जा.
मग ती: जा.

"तो मी," दर गुरुवारी आजोबा सांगतात.
"प्रॉम्प्टर होतो. ऐन वेळी विसरली बिचारी.
नंतर माझ्याशी धड बोलली नाही. लाजली असणार.
पुढच्या वर्षी ॲडलेडला गेली."

त्यांच्या लंडनच्या तबकडीवर नेमका तिथेच ओरखडा.
'उघडं आहे'वरून सुई टुणकन उडते
आणि थेट 'जा'वर उतरते.
चाळीस वर्षं तशीच उडतेय.

हॅलिफॅक्सच्या जुन्या सामानाच्या दुकानात
मला तीच लंडनची सीडी मिळाली, दीड पौंडाला.
रात्री एकटीनं लावली.
'उघडं आहे'नंतर वाद्यं थांबतात.
चार मात्रा काहीच नाही,
फक्त एका बाईनं आत घेतलेला,
बाहेर न सोडलेला श्वास.
मग जा.

मग कॅसेट लावली, हेडफोन घट्ट दाबून.
कुजबुजीच्या आधी, खुर्च्यांच्या करकरीखाली
डोरीननंही तोच श्वास घेतलेला.
ती विसरली नव्हती.
बिनओरखड्याच्या कुठल्यातरी तबकडीवरून
तिनं ती जागा उचलली होती,
आणि ह्यांनी ती भरली,
तिसरीतल्या हुशार मुलासारखी,
पेन्सिलीला टोक काढून, अचूक उत्तर लिहून.

दोन गुरुवार ती सीडी
माझ्या पिशवीत कानकोरण्यांखाली पडून होती.
आज त्यांनीच पाहिली.

चेटकिणीनं सातवं कुलूप काढलं तेव्हा
मी उगाच यंत्राचा आवाज कमीजास्त करत होते.
दार उघडं आहे.
एक. दोन.
आजोबांचे ओठ हलले, जा म्हणायला,
आणि तसेच राहिले.
तीन. चार.

त्यांनी उजव्या कानातलं यंत्र काढलं,
उलटसुलट करून पाहिलं,
पुन्हा बसवलं.

"या प्रतीवर ओरखडा नाही," ते म्हणाले.

मी सीडी बंद करायला हात पुढे केला.
त्यांनी मान हलवली, राहू दे.
आणि त्यांनी कधीच न ऐकलेलं
राजाचं दुसरं कडवं सुरू झालं.