खेपा

साखळीच्या दवाखान्यातली पोरगी विचारते,
काका, दिवसाला किती तास मोबाइल?
तिच्या कागदावर रिकामे चौकोन.
मी म्हणतो, बाये, तास नाही मोजले कधी.
मी खेपा मोजणारा माणूस.

पिसुर्ल्याहून आमोण्याच्या जेटीवर
दिवसाला सहा, कधी सात.
काट्यावरचा दुलबा चिठ्ठी फाडून द्यायचा,
आणि संध्याकाळी खिसा चाचपला की
कळायचं मी कोण ते.
लोक पात्रांव म्हणत. ट्रक एकच होता, तरी.

मग खाण बंद.
हौद्यात पाणी साचलं, पाण्यात बेडूक झाले,
थोरला बोटीवर गेला आणि जाताना
हा मोबाइल देऊन गेला, पप्पा, वेळ जाईल तुमचा.

गेला.

पहिला फोटो टाकला तो दसऱ्याचा,
ट्रकला झेंडूची माळ, मी बॉनेटला टेकून.
एकशे अठरा अंगठे!
त्या रात्री झोप नाही. आनंदानं नव्हे,
कुणी कुणी नाही दिला, ते शोधत होतो.

माझ्या मागच्या नंबरवर गाडी लावायचा गुरुदास
आता पर्वरीच्या फ्लॅटात केक कापतो.
मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करतो,
सोफ्यामागच्या भिंतीवर
कुठे ओल दिसते का बघतो.

शशिकला कूस बदलते, उजेड तिच्या पाठीवर.
एकदा झोपेतच म्हणाली, आज कोण गेलं?
तिला वाटलं, इतका वेळ
माणूस मयताची बातमीच वाचत असणार.

बंद ठेवला तर चिडचिड होते?
होते.
जेवताना बघता?
जेवण कसलं होतं ते आठवत नाही, एवढं लिही.
एकटं वाटतं?

ट्रकमध्येही एकटाच असायचो की.
पण धुरळ्यात पुढे दोन लाल दिवे असायचे
आणि आरशात मागच्याचे पिवळे.
कुणी कुणाला ओळखत नसे त्या लालीत,
तरी ब्रेक सगळे एकदम मारायचे.

हे कुठल्या चौकोनात बसेना.
तिनं पेन टेबलावर ठेवलं, थोडा वेळ
खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली,
मंगळवारी परत या, काकींना घेऊन,
आणि तारीख लिहून
कागदाचा तुकडा फाडून दिला.

बसस्टँडवर खिशात थरथर झाली.
हात घातला.
आधी कागद लागला.