हेल्डुरचं मत

विल्यांदीच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
मार्चमधल्या तिसऱ्या शनिवारी
मतं मी मोजते. एकवीस वर्षं मीच.
विज्ञानकथा कळतात म्हणून नव्हे;
पोस्टात होते, पाकिटं फोडायला हात बसलाय.

बाहेर काल्यो बक्षिसाला पॉलिश मारतोय:
बर्चच्या लाकडाची उडती तबकडी,
दर वर्षी थोडी अधिक
पातेल्याच्या झाकणासारखी.
(गेल्या खेपेच्या विजेत्याने ती खरंच
आंबवलेल्या कोबीच्या बरणीवर ठेवलीय.)

बेचाळिसावं पाकीट हियुमा बेटावरून.
अक्षर ओळखीचं, उजवीकडे उतरत जाणारं.
हेल्डुर.
शिक्का नऊ तारखेचा. त्याला पुरलं बाराला.

नियमावली काढली. अठरा पानं.
उशिरा आलेलं मत, भिजलेलं मत,
स्वतःच स्वतःला दिलेलं मत.
मेलेल्याचं? एक ओळ नाही.
ज्यांच्या गोष्टींत दर चौथ्या पानावर
मेलेली माणसं रेडिओवरून बोलतात
त्यांना हे सुचलं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, तारा विझला तरी उजेड...
"गप्प," काल्यो ओरडला,
"यंदाच्या तीन कथांत आहे ते."
मग कॉफी झाली. हात वर झाले. मोजायचं ठरलं.

हेल्डुरचं मत मला पाठ होतं:
'कुणालाच नको.' वीस वर्षं तेच,
खाली बारीक अक्षरात कारण.
शुक्रावर कुणी खिडकी उघडतं का?
नायिकेला अकरा दिवस भूक कशी नाही?
खिडकीला घोंगडी टांगून, चार कार्बन लावून
बंदीतल्या गोष्टींच्या प्रती काढणारा माणूस,
नंतर कशालाच भुलला नाही.

यंदा पहिल्या क्रमांकापुढे नाव होतं.
मिर्तेल, वय पंधरा,
शाळेच्या बसमध्ये फोनवर लिहिलेली गोष्ट:
मंगळावरची धोबीण, लाल धूळ निघतच नाही.
खाली बारीक अक्षरात:
'साबण बरोबर आहे.'

ती शेवटून पहिली आली.
फलकावर मी लिहिलं: मतं, एक.

टाळ्या, फोटो, झाकण दुसऱ्याच्या हातात.
गर्दी पांगल्यावर आली, मफलरचं टोक चावत.
"ते एक आईचं असणार ना?"

नियम सहा: मत कुणाचं, ते सांगायचं नाही.
नियम सहा हेल्डुरनेच लिहिलेला.
आई सभासद नाही, एवढंच म्हटलं.

ती उभीच. मग माझ्याबरोबर
खुर्च्या उचलू लागली, दोन-दोन, भिंतीकडे.
"त्या एकाला," मधेच म्हणाली,
"काय आवडलं असेल?"

साबण, मी म्हटलं.