संगसाज

बेळगावात हा शब्द आता कुणाला विचारू नका.
दरबार गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात मी विचारला, तर
मालक म्हणाला, फरश्या पाहिजेत काय?
उद्यमबागेत जावा.

माझे वडील नागोजी सांबरेकर संगसाज होते,
दगडावरची चूक दुरुस्त करणारे.
कातिब पिवळ्या कागदावर लिहायचा,
कागद दगडावर दाबला की अक्षरं उलटी उतरायची,
आणि एखादा फाटा तुटला, एखादा नुक्ता उडाला,
तर खारीच्या केसांच्या कुंचल्यानं
ते उलटाच जोडायचे.
आठ आणे रोज, चहा छापखान्याचा.

उर्दू उजवीकडून डावीकडे जाते.
दगडावर मात्र ती डावीकडून यायची,
आपल्या बाराखडीसारखी.
बुढन मुजावरांनी त्यांना तशीच शिकवली, दगडावरून.
सुलटी शिकवायला सवड कुणाला होती?
शुक्रवारचा अंक गुरुवारी रात्री निघायचा.

अंकाचं नाव ‘मिजराब’.
बोटात घालून सतार छेडायची ती तारेची नखी.
चार पानं. दोनशे सत्तर प्रती.
निपाणीला परतणाऱ्या तंबाखूच्या रिकाम्या बोदांतून
संकेश्वर, हुक्केरी, आणि पुढं जिथं जाईल तिथं.
हिंडलग्याच्या तुरुंगात कुणाकुणाला घातलं
त्याचा इंग्रजी पत्रात आकडा यायचा.
मिजराबात नावं यायची,
बापाच्या नावासकट, गावासकट.
म्हणून नुक्ता.
एक टिंब पुसलं की जमालचा हमाल होतो,
आणि हुक्केरीतली एखादी बाई
आपलं पोरगं यादीत नाही म्हणून निर्धास्त झोपते.

सरकारनं पहिल्यांदा जामीन मागितला पाचशे.
संपादक वाहिद पीरजाद्यांनी बायकोच्या बुगड्या मोडल्या.
दुसऱ्यांदा मागितला दोन हजार.
त्या आठवड्यात अग्रलेखाची जागा त्यांनी कोरी सोडली,
खाली फक्त सही.
कलेक्टर कचेरीतला भाषांतरकार म्हणे
त्या कोऱ्या रकान्याचं इंग्रजी काय करावं
म्हणून दोन दिवस पेन चावत बसला.

तिसऱ्या दिवशी हुकूम आलाच.
त्या रात्री दगड हातगाडीवर चढला,
वर बसलिंगप्पा हत्तरक्यांची लुगडी.
रस्त्याचा एवढासा तुकडा ओलांडला की शहापूर,
सांगली संस्थानची हद्द.
गोऱ्याचा कायदा तिथं पोचायचा,
पण अर्ज करून, शिक्के घेऊन, दमानं.
तेवढ्यात सात अंक निघाले,
मागाच्या खड्ड्याशेजारी,
धोट्याच्या खडखडाटात यंत्राचा आवाज बुडवून.

वडिलांना पकडलं ते खडे बाजारात, अंक खिशात असताना.
फौजदारानं तो टेबलावर पसरला.
वाच.
येत न्हाई, साहेब.
छडी.
आईच्यान येत न्हाई.
आणि ते खरं होतं.
छापलेलं एक अक्षर त्यांना लागत नव्हतं.
फौजदारानं मुल्लाला बोलावून परीक्षा घेतली,
अलिफसुद्धा हुकला.
तीन दिवसांनी सोडलं,
अडाणी हमाल अशी नोंद करून.

घरी आले. अंगाला हळद लावून घेतली.
मग खुंटीवरचा दाढीचा आरसा काढला,
बंडीच्या अस्तरातून दुसरी प्रत काढली,
आरशासमोर धरली,
आणि आईला घडघडा वाचून दाखवली,
नाव, बाप, गाव. नाव, बाप, गाव.
आई म्हणाली, हळू. शेजारी जागे हाईत.

दगडाचं पुढं काय झालं?
हत्तरक्यांच्या नातवानं दाखवला.
मोरीत आहे. वर बादली ठेवतात.
वाळूनं कितीदा घासला असेल,
तरी ओला केला की काहीतरी करडं वर येतं.
मला वाचता येत नाही,
उलटंही नाही, सुलटंही.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
पाटीवर कुठली लिपी किती इंचांची असावी
याची नोटीस परवा आली; तिचीही एक प्रत काढून ठेवली.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की
समोरच्या बेकरीच्या काचेत माझी पाटी उलटी दिसते.
मी बघत बसतो,
कुठं एखादा अनुस्वार उडालाय का.